पासवर्ड बरोबर आहे, तरी लॅपटॉप ‘चुकीचा’ म्हणतो. काय करू?

आधी पासवर्डच्या रकान्यातलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा आणि नेमकं काय उमटतंय ते बघा. ऐरोलीत बाबांच्या लॅपटॉपशी मी अर्धा तास झटापट केली. बघतो तर अक्षरं मराठीत पडत होती! खाली उजव्या कोपऱ्यात भाषा दिसते, विंडोज की धरून स्पेसबार दाबला की बदलते. काही जुन्या छोट्या कीबोर्डवर नम लॉक चालू राहिलं की जे, के, एलच्या जागी १, २, ३ येतात.

पिन आणि पासवर्ड एक नव्हेत, हेही बघा. पिन त्या मशीनपुरताच. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड खरंच विसरला असाल तर फोनवरून बदला, लॅपटॉप वायफायला जोडून नवा टाका. एवढ्यासाठी फॉरमॅट मारायला दुकानात नेऊ नका हो.