सगळं संस्कृतीच्या माथी मारू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा सावकाश वाचला. मेहनत घेतली आहेस. पण पहिल्याच पानावर तू लिहितेस की चिनी समाज मृत्यूबद्दल बोलत नाही, म्हणून तिथे हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाची अखेरच्या काळातली शुश्रूषा, रुजत नाही. हे वाक्य आधी खोड.

२०१५ साली इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने ८० देश-प्रदेशांतल्या अखेरच्या काळातल्या शुश्रूषेची क्रमवारी लावली. तैवान ६ वा, हाँगकाँग २२ वं आणि चीन ७१ वा. पूर्वज पूजण्याची रीत तिन्हीकडे आहे, आईबापांच्या सेवेचा संस्कारही तिन्हीकडे आहे. मग एवढी तफावत कुठून आली? तुझा प्रबंध इथून सुरू व्हायला हवा. (आपण त्या यादीत ६७ वे होतो, हेही लक्षात असू दे.)

शिवाय, हा समाज मरणाचं नाव काढत नाही हे पूर्ण खरं नाही. जुन्या पिढीतली माणसं हयातीतच आपली शवपेटी करवून घरात ठेवत, अंगावर घालायचे शेवटचे कपडे शिवून ठेवत. अडतं ते दुसऱ्या जागी. आईला कॅन्सर आहे हे आईलाच कोणी सांगायचं? डॉक्टर थोरल्या मुलाला बाहेर बोलावून सांगतात आणि आईला अल्सर म्हणून सांगितलं जातं. आपल्या वॉर्डांत याहून वेगळं काय चालतं? म्हणून त्या मुलाबद्दल लिहिताना तुझा सूर न्यायाधीशाचा नको. पुंडलिकाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला त्याची घालमेल कळायला हवी. उपचार थांबवू म्हणाला तर नातेवाईक विचारणार, आईसाठी एवढंही केलं नाहीस? त्यात चीनमध्ये तीसपस्तीस वर्षं एकाच अपत्याचं धोरण होतं. आज हा निर्णय घ्यायला कितीतरी घरांत एकच मूल आहे, भावंडांशी बोलून भार हलका करायची सोयच नाही. ‘अजून एक सलाइन लावा’ या विनंतीमागे काय असतं, ते इथे शोध.

जेवणाचंही तसंच. माणूस उपाशी गेला तर भुकेलं भूत होतो, ही भीती अजून अनेक घरांत आहे. म्हणून भूक मेलेल्या रुग्णालाही भरवलं जातं, नळी घालायचा आग्रह होतो, आणि अन्न श्वासनलिकेत जातं. अशा वेळी ‘भरवू नका’ एवढंच सांगणारी नर्स त्या घराला परकी वाटते. ओठ ओले ठेवणं, तोंड स्वच्छ करणं, आवडीच्या सूपचा थेंब जिभेला लावणं, ही कामं मुलांच्या हाती द्यावी लागतात. सेवेची इच्छा खरी असते, तिला करण्याजोगं काम हवं असतं. या भागाला निदान एक पूर्ण प्रकरण दे.

आता तैवान. १९९० साली तामसुईच्या मॅके रुग्णालयात हॉस्पिसचा वॉर्ड सुरू झाला. १९९६ पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्याने घरी जाऊन दिलेल्या हॉस्पिस सेवेचे पैसे द्यायला सुरुवात केली. २००० साली हॉस्पिस सेवेचा कायदा आला. २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार पुढच्या उपचारांबद्दलची इच्छा आधीच नोंदवता येते, पण त्याआधीच्या समुपदेशनाला निदान एक जवळचा नातेवाईक हजर लागतो. कुटुंबाला चर्चेत बसवलं आणि निर्णय रुग्णाचा ठेवला. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. मरणाऱ्याचा शेवटचा श्वास घरीच पडावा म्हणून हातपंपाने श्वास देत रुग्णवाहिकेतून घरी नेण्याची रीतही तिथलीच. ती असतानाच हे सगळं घडलं.

चीनमध्ये पैशाची घडी वेगळी. रुग्णालयाची मिळकत बराच काळ औषधं आणि तपासण्यांवर होती. ज्याला फक्त वेदनाशमन, वेळ आणि माणसाचा हात हवा, त्याची खाट तोट्यात. १९८७ साली सुरू झालेल्या बीजिंगच्या सोंगथांग हॉस्पिसला शेजाऱ्यांच्या विरोधामुळे पुन्हा पुन्हा जागा बदलावी लागली. १९९८ साली शांतोऊमध्ये हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या प्रतिष्ठानाच्या मदतीने गरीब कॅन्सररुग्णांना घरपोच मोफत सेवा मिळू लागली. सरकारी मार्गदर्शक नियम आणि पाच ठिकाणचे पथदर्शी प्रयोग आले २०१७ साली. हा उशीर धोरणाचा आहे, तो तसाच लिही.

मॉर्फिनच्या भीतीबद्दल तू दोनच ओळी लिहिल्या आहेस, ते मला खटकलं. हे वेदनाशामक अफूपासूनच बनतं. एकोणिसाव्या शतकात अफूने चीनची केलेली दैना शाळेच्या पुस्तकांतून प्रत्येक मूल शिकतं. आणि त्या काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातून तिकडे जात होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या व्यापारात ती होती, आणि त्यांच्याच देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. मुंबईत बसून लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने हे टाळून पुढे जाऊ नये. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन दुर्मिळ केलं आणि २०१४ साली दुरुस्ती करावी लागली. भीती जनतेची किती आणि नियमांची किती, हे दोन्ही देशांत वेगवेगळं मोजता येईल.

आणखी एक. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात जाऊन ये. देशातलं ते पहिलं हॉस्पिस, १९८६ सालचं. तिथल्या नातेवाईकांशी बोलशील तेव्हा तुझी प्रश्नावली बदलेल. नवा आराखडा पाठवशील त्यात पैसा आणि मॉर्फिन ही प्रकरणं आधी घे, संस्कृतीचं त्यानंतर. दिवाळीपूर्वी आलं तर सुट्टीत नीट वाचेन.

तुझी,
मॅडम