ग्रंथसल्ला : लावणीनंतर वाचायचा रशिया

प्रश्न : आमच्या वाचनालयात आठ-दहा जणांचा वाचनगट आहे. भातलावणी आटोपल्यापासून गणपतीपर्यंत १९१७ नंतरचा रशिया वाचायचा विचार आहे. मागे 'लाइफ अँड फेट' घेतली होती, पण शंभर पानांतच गट गळाला. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, देवगड

उत्तर : गट गळाला यात नवल नाही. वासिली ग्रॉसमन यांची ही कादंबरी आठशेहून जास्त पानांची आहे. शिवाय ती त्यांच्याच 'स्तालिनग्राद'चा पुढचा भाग असल्यामुळे पात्रांची नव्याने ओळख करून देण्यात लेखक वेळ घालवत नाही. ती शेवटासाठी राखून ठेवा.

आधी शीला फिट्झपॅट्रिक यांचे 'द रशियन रेव्होल्यूशन' वाचा. दोनेकशे पानांत १९१७ पासून स्तालिनच्या दहशतीपर्यंतचा सांगाडा हाती येतो, पंधरवडा पुरे. पहिली आवृत्ती १९८२ची आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथली अभिलेखागारे उघडली, म्हणून नंतरची सुधारित आवृत्तीच मिळवा.

त्याला लागूनच लिदिया चुकोव्स्काया यांची 'सोफिया पेत्रोव्ना' घ्या. छोटी कादंबरी आहे, दोन बैठकांत होते. लेनिनग्रादच्या एका प्रकाशनगृहात टंकलेखिका असलेली विधवा, तिचा इंजिनियर मुलगा, १९३७ साल, मुलाची अटक आणि मग चौकशीसाठी तुरुंगाबाहेरच्या रांगा. ही बाई बंडखोर नाही. वर्तमानपत्रात छापलेले तिला खरे वाटते. रांगेतल्या इतर बायकांची माणसे गुन्हेगार असतील, आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र काहीतरी चूक झाली आहे, असे ती धरून चालते. १९३७-३८ या दोन वर्षांत गोळ्या घातलेल्यांचा आकडा पोलिसांच्याच नोंदींत सुमारे ६ लाख ८२ हजार आहे. तो इतिहासग्रंथात सापडेल, पण इतकी माणसे नाहीशी होत असताना शेजारीपाजारी गप्प का राहिले, हे या कादंबरीतच उमगते. आम्हाला या विषयावरचे हे सर्वांत मोलाचे छोटे पुस्तक वाटते.

प्रत्येक कादंबरीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तीन साले लिहा : लिहिली केव्हा, प्रथम छापली केव्हा, रशियात छापली केव्हा. 'सोफिया पेत्रोव्ना'ची साले १९३९-४०, १९६५ (पॅरिस) आणि १९८८. म्हणजे दहशत ताजी असताना लिहिलेला मजकूर तिथल्या वाचकाला जवळजवळ पन्नास वर्षांनी मिळाला. ग्रॉसमन यांचे हस्तलिखित १९६१ मध्ये केजीबीने, म्हणजे गुप्त पोलिसांनी, उचलून नेले, १९६४ मध्ये ते वारले, पुस्तक १९८० मध्ये परदेशात आले आणि देशात १९८८ मध्ये. सोल्झेनित्सिन यांची छावणीतल्या कैद्याच्या एका दिवसाची कादंबरी 'वन डे इन द लाइफ ऑफ इव्हान डेनिसोविच' मात्र १९६२ मध्ये मॉस्कोतच छापली गेली, तीही तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या संमतीने. बारा वर्षांनी लेखकालाच देशाबाहेर काढले. सत्तेची पकड कधी सैलावली आणि कधी आवळली, हे या सालांवरून कळते.

'इव्हान डेनिसोविच'बरोबर अ‍ॅन अ‍ॅपलबॉम यांच्या 'गुलाग' या सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्यांच्या इतिहासाचा फक्त मधला भाग वाचा. छावणीतले काम, अन्न, शिक्षा सगळे त्यात आहे. पूर्ण ग्रंथ वाचायचा हट्ट धरलात, तर गणपती येतील आणि तुम्ही अजून १९४० मध्येच असाल.

शेवटच्या टप्प्यासाठी स्वेतलाना अलेक्सिएविच यांचे 'सेकंडहँड टाइम' आणि स्टीफन कॉटकिन यांचे 'आर्मगेडन अ‍ॅव्हर्टेड' हे छोटे पुस्तक. पहिल्यात देश हरवलेल्या माणसांचे आवाज आहेत, दुसऱ्यात १९७० ते २००० दरम्यान तो देश का मोडला याची कारणे. तारखा आणि आकडे दुसऱ्यातूनच घ्या.

प्रश्न : नावांचा गोंधळ होतो. एकच माणूस तीन नावांनी येतो. आणि ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात कशी?
– एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : मधले नाव आपल्यासारखेच वडिलांचे : डेनिसचा मुलगा डेनिसोविच, प्योत्रची मुलगी पेत्रोव्ना. त्यात घरगुती नावाची भर पडते. सोफियाचा निकोलाय घरात कोल्या असतो. पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा आणि पहिल्या पन्नास पानांत प्रत्येकाची सगळी नावे एका ओळीत लिहा. त्याच चिठ्ठीमागे हेही लिहा : चेका १९१७, एनकेव्हीडी १९३४, केजीबी १९५४. गुप्त पोलिसांचे खाते तेच, पाट्या बदलत गेल्या. पेत्रोग्राद १९२४ मध्ये लेनिनग्राद झाले.

तारखांचे म्हणाल तर रशियात जुनी दिनदर्शिका होती, तेरा दिवस मागे. २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे आपला ७ नोव्हेंबर. १९१८ मध्ये ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी धरून ती बदलली.

प्रश्न : जुन्या घरात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके सापडली. ती विश्वासार्ह आहेत का? काहींना बुरशी आहे.
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : पंधराव्या शतकात भारतात आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन याचा स्तंभ असलेल्या गावात ती सापडली, याचा आनंद वाटला. कथा-कादंबऱ्या निःशंक वाचा. इतिहास-राजकारणाची पुस्तके सरकारी बाजू म्हणून वाचा आणि छपाईचे साल आधी बघा. ते १९८५ पूर्वीचे असेल तर क्रांतीचा नेता आणि पुढे स्तालिनचा विरोधक ठरलेला ट्रॉट्स्की एकतर खलनायक असेल किंवा गायब.

बुरशी लागलेल्या प्रती आधी वेगळ्या करा. तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, पाने एकमेकांपासून मोकळी करत सावलीत वाऱ्यावर वाळवा. पूर्ण सुकल्यावरच मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओली असताना पुसली तर बुरशी कागदात मुरते. कडक उन्हात दिवसभर ठेवू नका, कागद पिवळा पडून तुटतो. मग कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, पुस्तके दाटीने भरू नका आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, तर आतला ओलावा आतच राहून बुरशी पुन्हा येईल.