डिजेरिडू: गोल श्वासाच्या मागे लगेच लागू नकोस

अरे वा, डिजेरिडू, ते ऑस्ट्रेलियाचं लांब नळीसारखं फुंकवाद्य, घेतलंस, मस्तच! पण तू पहिल्याच आठवड्यात गोल श्वासाला (आवाज न तोडता नाकाने श्वास घेत वाजवत राहणं) हात घातलायस आणि तिथेच अडकतोयस. आधी नुसता ड्रोन, म्हणजे एकच सलग खालचा सूर, पक्का कर. ओठ एकदम सैल ठेव, घोडा फुरफुरतो ना तसे, आणि फुंक हळू. सगळे नवे लोक तोंड पाइपवर दाबतात आणि जीव खाऊन फुंकतात, मग दोन मिनिटांत चक्कर येते. आली तर थांब, बस जरा. एका श्वासात १५-२० सेकंद सलग, न थरथरता आवाज निघाला की पुढे जा.

मग पाइप बाजूला ठेव, ग्लासभर पाणी आणि स्ट्रॉ घे. गाल फुगव, गालातली हवा गालांनीच पिळून बाहेर काढ आणि त्याच क्षणी नाकाने छोटासा श्वास घे, फुलाचा वास घेतो तेवढाच. बुडबुडे तुटता कामा नयेत. सुरुवातीला तुटतील, चालतं! आपले सनईवाले पण हेच करतात, एखादा ओळखीचा असेल तर त्याचे गाल जवळून बघ.

- रोज १५ मिनिटं पुरे, रविवारी दोन तास नको
- महागडं निलगिरीच्या लाकडाचं आत्ता नको, सव्वा मीटरचा पीव्हीसी पाइप आणि त्याच्या तोंडाला मधमाशीचं मेण, झालं
- प्राण्यांचे आवाज, वरचे तुतारीसारखे सूर नंतर

आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडच्या योल्ङु या आदिवासी लोकांचं यिडाकी (डिजेरिडूला त्यांचा शब्द) नक्की ऐक, हे वाद्य मुळात तिकडचं, त्यांच्या विधींमधलं. ताल कळायला तेच ऐकायला हवं.