पिचिया (प्रथिनं बनवायला वापरतात ते यीस्ट) कंटिन्युअसवर, म्हणजे सतत खाद्य घालत आणि तेवढंच बाहेर काढत, चालवतोयस तर आधी हे वाच

अरे, पहिल्याच रनला मिथेनॉलच्या मागे लागू नकोस, एओएक्स१ प्रमोटर (मिथेनॉलने जीन चालू करणारा स्विच) तगडा आहे मान्य पण मिथेनॉलवर यीस्ट ऑक्सिजन प्रचंड खातं, उष्णता वाढते, आणि मिथेनॉल साचलं की पेशी मरतात. त्यापेक्षा जीएपी प्रमोटर घे, ग्लुकोज किंवा ग्लिसरॉलवर चालतो, इंडक्शनची, म्हणजे वेगळं काही घालून जीन चालू करण्याची, भानगडच नाही.

डायल्युशन रेट (ताशी टाकीचा किती भाग ताज्या द्रवाने बदलतो) मात्र जपून, वाढीच्या कमाल वेगाच्या वर गेलास की वॉशआउट, सगळं यीस्ट वाहून बाहेरच्या ड्रममध्ये. ताशी ०.०५ ने सुरू कर, म्हणजे टाकीतलं पाणी २० तासांत एकदा बदलतं, आणि किमान पाच वेळा बदलल्याशिवाय सॅम्पलवर विश्वास ठेवू नकोस, चार दिवस जातातच रे. जीन क्रोमोसोममध्येच बसव, प्लाझमिड (क्रोमोसोमबाहेरचा सुटा डीएनए) निसटतो. फीडलाइनचं (खाद्य आत नेणाऱ्या नळीचं) स्टरिलायझेशन स्वतः बघ, माझा रन नवव्या दिवशी तिथूनच जंतू शिरून गेला, फार जीवाला लागलं होतं.