गोव्यातून पळालेल्या सिद्दी गुलामांनी रानात स्वतःची ओळख कशी घडवली?

सिद्दी म्हटलं की आपल्याला आधी जंजिराच आठवतो. पण ते राज्यकर्ते. तुम्ही विचारताय ते वेगळे: पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गोव्यात आणून विकलेली माणसं. त्यातली बरीच संधी साधून घाट चढून गेली. आज त्यांचे वंशज कर्नाटकातल्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागात आहेत. मी बेळगावकडचा, त्यामुळे हा मुलूख आमच्या शेजारचाच.

रानात मोकळं, आनंदी जगणं वगैरे जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. मध काढला, शिकेकाई गोळा केली हे खरं, पण अनेक सिद्दी घरांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागांत राबूनच भरलं. तरीही ‘आपलं’ म्हणावं असं जे काही उभं राहिलं, ते रानाच्याच आधाराने. आफ्रिकेतली भाषा गेली, घरात कोकणी आली. धर्मही एक नाही, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत. पण यल्लापूरच्या रानात सिद्दी नासचं ठाणं आहे, पूर्वजांचं. तिथे तिन्ही धर्मांचे सिद्दी येतात. त्यांचा दमाम हा ढोलही लाकूड पोखरून, कातडं ताणून केलेला.

बायकांची कवंद, म्हणजे गोधडी, तर बघण्यासारखी. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडत कडेपासून आत, गोल गोल टाके घालत जातात. कोपऱ्यांवर शेवटी त्रिकोणी घड्या शिवतात, त्यांना म्हणतात फुलं. फुलं नसली तर कवंद नागडी! घाटावरच्या पावसात ही अंगावर असली की गारठा जवळ येत नाही.

आता या ओळखीला कागदाचीही जोड मिळाली आहे. 2003 साली इथल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यात त्याचा थेट फायदा झाला. इतर वनवासींना 75 वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते, जमातींना मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा पुरतो. शिवाय सामूहिक हक्काच्या दाव्यात देवाचं झाड, देवराई, दफनभूमी हेही पुरावे धरले जातात. म्हणजे पूर्वजांचं ठाणं ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घेणं हे आता नुसतं भक्तीचं काम राहिलेलं नाही.