मोठ्या कंपनीने पेटंटची नोटीस पाठवली आहे, छोट्या वर्कशॉपने काय करावं?

आधी एकच सांगतो, त्या हमीपत्रावर सही करू नका. बाकीचं सावकाश बघू.

तुम्ही लिहिलंय की नाशिकला सातपूरमध्ये सहा माणसांचं वर्कशॉप आहे, कांदा प्रतवारीचं यंत्र बनवता, आणि एका मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आलीय: पंधरा दिवसांत उत्पादन बंद करा, आजवरच्या विक्रीचा हिशोब द्या, सोबतचं हमीपत्र सही करून पाठवा. वाचताना पोटात कसा गोळा आला असेल ते मला चांगलं माहीत आहे. आमचं अंबडला फॅब्रिकेशनचं काम आहे, द्राक्षबागेत औषध फवारायचे ब्लोअर बनवतो. सहा वर्षांपूर्वी अगदी अशीच नोटीस आमच्याकडे आली होती. वडिलांनी तर सही करायला पेन हातात घेतलं होतं. "कोर्टाच्या पायऱ्या नकोत रे बाबा," एवढंच म्हणत होते. हमीपत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात 'आम्ही उल्लंघन केल्याचं मान्य करतो' असं वाक्य होतं. ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

आता नोटिशीत पेटंटचा जो नंबर दिलाय तो बघा. पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर तो टाकला की सगळा इतिहास फुकट दिसतो. नोटिशीतला आकडा पुष्कळदा अर्जाचा असतो. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण पेटंट मंजूर होईपर्यंत उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. मंजूर झालेलं असेल तर दरवर्षीची फी भरलीय का ते पाहा. ती थकली की पेटंट बंद पडतं. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. मंजुरी प्रसिद्ध होऊन वर्ष झालं नसेल तर पेटंट ऑफिसमध्येच विरोध दाखल करता येतो, आणि ते कोर्टापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. तारखा आधी बघा म्हणतो ते याचसाठी.

मग क्लेम वाचा, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय ते मुद्दे. पेटंटच्या कागदात पानंच्या पानं वर्णन असतं, चित्रं असतात, आणि त्यातलं एखादं चित्र हुबेहूब आपल्या यंत्रासारखं दिसतं. तिथेच माणूस खचतो. पण हक्क चित्राचा नसतो, शेवटी आकडे टाकून लिहिलेल्या क्लेमचा असतो. आम्ही जेवणाच्या सुट्टीत क्लेम नंबर एक वेल्डिंगच्या टेबलावर ठेवला आणि एकेक भाग वेगळा लिहून काढला. टाकी, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा पंखा, दोन्ही बाजूंना गोलाकार नोझल, हवेला दिशा देणारा पत्रा, आणि पाचवा भाग, वेल कुठे आहे ते ओळखून नोझल आपोआप बंद करणारा सेन्सर. पहिले चार आमच्याकडे होते. पाचवा नव्हता. आमच्या ब्लोअरला साधा बॉल व्हॉल्व्ह आहे, ओळ संपली की ट्रॅक्टरवाला सीटवरून दोरी ओढून तो बंद करतो. क्लेममधला एखादा महत्त्वाचा भाग आपल्या यंत्रात मुळातच नसेल तर उल्लंघन सिद्ध करणं अवघड जातं. अर्थात बोल्टाच्या जागी रिव्हेट मारून सुटका होत नाही. कोर्ट त्या शोधाचा गाभा बघतं.

दुसरी बाजू जुन्या पुराव्याची. त्यांच्या अर्जाच्या तारखेआधी तीच गोष्ट भारतात उघडपणे वापरात असेल, तर पेटंट रद्द होऊ शकतं. तुमची जुनी बिलबुकं काढा, अगदी कार्बन कॉपीसुद्धा. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर कृषी प्रदर्शनात कधी स्टॉल लावला असेल तर त्याची पावती आणि पत्रक शोधा. आम्हाला २०११ चं एक बिल सापडलं, निफाड तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या नावचं. त्यांच्याकडे गेलो तर तो ब्लोअर गोठ्याच्या मागे उभा होता. टाकीला चीर गेलेली, पंख्यावर निळ्या औषधाचा थर. पण फ्रेमवर आमच्या हाताने ठोकलेला नंबर तसाच, आणि क्लेममधले पहिले चारही भाग जागेवर. त्या काकांना सगळं सांगितलं. म्हणाले, "गोड्या छाटणीचे दिवस सोडून कधीही बोलव, साक्षीला येतो." परत येताना गाडीत वडील पहिल्यांदा मोकळं बोलले.

पेटंट मंजूर झालं म्हणजे ते पक्कं, असं आपल्याला वाटतं. कायदाच तसं म्हणत नाही. अर्जाची तपासणी करून पेटंट दिलं तरी ते वैध असल्याची हमी सरकार देत नाही, हे १९७० च्या पेटंट कायद्यातच लिहिलेलं आहे. मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचा खटला यासाठी माहीत असावा. लेथवर भांडं धरून घासण्या-चमकवण्याच्या पद्धतीवर एका कारखान्याने १९५१ चं पेटंट घेतलं आणि दुसऱ्यावर उल्लंघनाचा आरोप केला. दुसऱ्याने माघार घेतली नाही. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पेटंट रद्दच ठरवलं, कारण लेथवर दोन्ही बाजूंनी भांडं धरणं आधीपासून माहीत होतं आणि टेलस्टॉकला, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराला, टोक काढणं ही वर्कशॉपमधली नेहमीची सुधारणा होती. भांडी बाजारातल्या कुठल्याही कारागिराला हे लगेच कळेल. पण पंचवीसेक वर्षं गेली, हेही लक्षात ठेवा. मी तुम्हाला कोर्टात जा म्हणत नाही. कोर्टाला घाबरून सही करू नका, एवढंच म्हणतोय.

आम्हाला खरा फटका बसला तो डीलरांकडून. त्या कंपनीने पिंपळगाव आणि दिंडोरीकडच्या आमच्या डीलरांना पत्रं धाडली की हा माल विकाल तर तुमच्यावरही केस करू. सीझनच्या तोंडावर चार डीलरांनी ऑर्डर थांबवल्या. माणसं वाईट नव्हती, घाबरली होती. यासाठी पेटंट कायद्यात कलम १०६ आहे, तुमच्या वकिलाला ते आवर्जून दाखवा. पेटंटच्या नावाने विनाकारण धमकी दिली, ती तुम्हाला असो की तुमच्या गिऱ्हाइकाला, तोंडी असो की लेखी, तर तुम्ही स्वतः दावा लावू शकता. धमकी बिनबुडाची असल्याचं जाहीर करून घ्या, ती थांबवण्याचा मनाई हुकूम मागा, झालेलं नुकसान मागा. आणि उल्लंघन होतंय हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर येतो. 'आमच्याकडे अमुक पेटंट आहे' एवढंच कळवलं असेल तर मात्र ती धमकी धरत नाहीत, म्हणून पत्रातला शब्द न् शब्द महत्त्वाचा. हे कलम मोठ्यांनीही वापरलंय. दोन स्पार्क प्लगच्या इंजिनवरून २००७ मध्ये टीव्हीएसने बजाजविरुद्ध मद्रास हायकोर्टात याच कलमाखाली दावा लावला होता.

आम्ही तीन पानी उत्तर दिलं. क्लेमचा एकेक भाग, आमच्या यंत्रात तो आहे की नाही, २०११ चं बिल, ब्लोअरचे फोटो, आणि शेवटी १०६ चा उल्लेख. त्याच दिवशी वकिलांनी जिल्हा न्यायालयात कॅव्हेट टाकलं, म्हणजे आम्हाला न कळवता एकतर्फी मनाई मिळू नये. ते ९० दिवस चालतं, मग नव्याने टाकावं लागतं. उत्तराची प्रत घेऊन मी स्वतः चारही डीलरांच्या दुकानात गेलो. तिघं परत आले. चौथ्याने आजपर्यंत आमचा माल घेतलेला नाही, आणि त्याची खंत मला आहे. कंपनीकडून एक मोघम पत्र आलं, त्यानंतर काही नाही.

वकील मात्र पेटंटची कामं केलेलाच बघा, मुंबईचा असला तरी चालेल. नेहमीच्या दिवाणी वकिलावर माझा विश्वास आहे, पण क्लेम वाचणं हे वेगळं काम आहे. आणि क्लेमचे सगळे भाग खरंच तुमच्या यंत्रात निघाले, जुना पुरावाही मिळाला नाही, तर हट्ट करू नका. जाळीची किंवा रोलरची रचना बदला, नाहीतर वकिलामार्फत लायसन्सचं बोला. तोवर त्यांच्या माणसाशी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर एक शब्दही बोलू नका, आणि गप्पही बसू नका. मुदतीच्या आत 'नोटीस मिळाली, अभ्यास करून उत्तर देतो' एवढं स्पीड पोस्टाने कळवा.

नोटिशीचं पाकीटही जपून ठेवा. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख लागते.