वर्गात स्मार्ट बोर्ड आला, पण माझ्या मुलीला तो दिसत नाही. शाळेकडे काय मागायचं?

ताई, तुमची मुलगी आठवीत, नजर फार अधू, आणि शाळा सांगते, ‘शेजारची मैत्रीण वाचून दाखवते ना!’ एवढ्यावर गप्प बसू नका. मैत्रीण आजारी पडली की त्या दिवशी तुमच्या मुलीची शाळा बुडाली, असाच त्याचा अर्थ.

मी गोव्यात डिचोलीकडे मराठी शिकवते. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगा होता. त्याच्यासाठी लॅपटॉपवर एनव्हीडीए घातलं, मराठी आवाज निवडला. ते फुकट मिळतं आणि स्क्रीनवरचं बोलून दाखवतं. मी माझ्या नोट्स उघडून दिल्या. दोन मिनिटांत त्याने हेडफोन काढला. ‘टीचर, हे मराठी नाही.’ मी कानाला लावून पाहिलं, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा. नोट्स जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. स्कॅन करून केलेल्या पीडीएफचंही तेच, तो नुसता फोटो. त्या रात्री मी एक धडा युनिकोडमध्ये, म्हणजे आतही देवनागरीच साठवली जाते अशा पद्धतीत, पुन्हा टाइप केला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीतही तो जागचा उठला नाही.

म्हणून यंत्राच्या आधी मजकूर मागा. उद्या बोर्डवर येणारं आज, युनिकोडमध्ये, वर्ड फाईल म्हणून. ती मुलीला हवी तेवढी मोठी करून वाचता येते, किंवा अँड्रॉइड मोबाईलवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, लावून ऐकता येते. आणि शिक्षकांनी ‘हे बघा’ न म्हणता बोर्डवर काय आहे ते तोंडाने सांगावं. याला एक पैसा लागत नाही.

अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. त्यात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 लिहा: सरकारी किंवा सरकारमान्य शाळेत मुलाच्या गरजेप्रमाणे सोय व्हायला हवी, असं ते सांगतं. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर 40 टक्के किंवा जास्त असेल तर कलम 17 खाली 18 वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य उपकरणं मोफत मिळायला हवीत. शाळेने टाळलं तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अर्जाआधी एक करा. मराठीच्या टीचरकडून एका धड्याची फाईल घ्या, घरी मोबाईलवर मुलीला ऐकवा. नीट वाचली गेली नाही, तर काय ऐकू आलं ते तिच्याच शब्दांत अर्जात लिहा.